आयर्न आणि बॉलची जोडी कशी पारखावी: वर्ल्ड गोल्फ टूर खेळणाऱ्यांसाठी

वर्ल्ड गोल्फ टूर या ऑनलाइन गोल्फ गेममध्ये, म्हणजे खेळणाऱ्यांच्या तोंडच्या डब्ल्यूजीटीमध्ये, थोडी क्रेडिट्स (खेळातलं चलन) जमली की नजर पहिल्यांदा जाते ती नव्या आयर्न सेटवर, म्हणजे ग्रीनवर बॉल पोचवणाऱ्या नंबरवार काठ्यांच्या संचावर. अंतराचा मोठा आकडा दिसतो आणि खरेदी तिथेच ठरते. हा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. आयर्न एकटं खेळत नाही. तेच सात नंबरचं आयर्न एका बॉलवर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पडून जागच्या जागी थांबतं आणि दुसऱ्या बॉलवर ग्रीन ओलांडून मागच्या गवतात जातं. म्हणून पारखायची ती जोडी. आणि जोडी पारखताना आधी बॉलचं मीटर (फटका मारताना पडद्यावर भरत जाणारी ताकदीची पट्टी) बघायचं, मग दोघांची मिळून होणारी स्पिन, म्हणजे बॉलची गिरकी, आणि अंतर सगळ्यात शेवटी.

हा खेळ 2008 साली सॅन फ्रान्सिस्कोहून सुरू झाला आणि 2016 मध्ये टॉपगोल्फ कंपनीने तो विकत घेतला. इथले कोर्स खऱ्या मैदानांच्या छायाचित्रांवरून उभे केलेले आहेत. त्यामुळे खऱ्या गोल्फमधले वाऱ्याचे आणि चढउताराचे ठोकताळे इथे सुरुवातीला तरी कामी येतात. सगळी मोजमापं यार्डात असतात. क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे 154 यार्डांचा फटका हा सात खेळपट्ट्यांचा. हा अंदाज एकदा डोळ्यांत बसला की पडद्यावरच्या आकड्यांना अर्थ येतो.

कार्डावर काय लिहिलंय

आयर्नच्या कार्डावर अंतर, अचूकता, चुकीला मिळणारी माफी आणि स्पिन बघायची. अचूकता म्हणजे फटका नीट बसल्यावर बॉल नेम धरलेल्या रेषेच्या किती जवळ राहतो ते. माफी म्हणजे वेळ थोडी चुकली तर बॉल किती भरकटतो ते. बॉलच्या बाजूला मीटरचा वेग, अंतर, स्पिन आणि टिकाऊपणा.

नवे खेळाडू एका गोष्टीने हैराण होतात. मीटर बरोबर रेषेवर थांबलं, ‘डिंग’ वाजली, तरी बॉल तीन-चार यार्ड बाजूला पडला, असं होतं. जुने खेळाडू याला व्हीईएम म्हणतात. डिंग बसलेल्या फटक्यातही खेळ थोडा फरक ठेवतो. त्यामुळे एका फटक्यावरून कुठल्याही जोडीबद्दल मत बनवता येत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. पुढची सगळी चाचणी याच कारणासाठी आहे.

स्पिनबद्दल थोडं सविस्तर, कारण जोडीचा खरा खेळ इथेच आहे. खऱ्या गोल्फमध्ये पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या पुरुष खेळाडूंचं सात नंबरचं आयर्न सरासरी 170 यार्डांहून जास्त हवेतून जातं. बॉल मिनिटाला सुमारे 7,000 फेरे घेत असतो आणि जवळपास 50 अंशांच्या कोनात खाली येतो. पिचिंग वेजला (वेज म्हणजे आयर्नपेक्षाही आखूड अंतराच्या, बॉल उंच उडवणाऱ्या काठ्या) फेरे 9,000 च्या वर जातात. पाच नंबरचं आयर्न मात्र साडेपाच हजारांच्या आतच राहतं. बॉल ग्रीनवर थांबतो तो दोन गोष्टींमुळे, उतरण्याचा तीव्र कोन आणि मागे फिरणारी गिरकी. नंबर जितका लहान, तितकं अंतर जास्त आणि या दोन्ही गोष्टी कमी. म्हणजे जास्त स्पिनच्या बॉलचा सगळ्यात मोठा उपयोग वेजला होत नाही. वेज तसाही थांबतो. उपयोग होतो तो चार, पाच, सहा नंबरच्या आयर्नला. जोडी पारखताना बहुतेक जण वेजवर बॉल मागे फिरताना बघतात आणि खूश होतात. बघायला हवं ते लांबच्या आयर्नकडे.

मीटरचं गणित

फटका मारताना दोनदा वेळ साधावी लागते. आधी ताकदीला, मग परतीच्या रेषेवर. पहिली चूक अंतर बिघडवते, दुसरी दिशा. संथ मीटरचा बॉल दोन्ही चुका एकदम लहान करतो, आणि बॉलच्या बाकी कुठल्याही गुणाला हे जमत नाही.

समजा एका बॉलवर मीटर दीड सेकंदात भरतं आणि दुसऱ्यावर दोन सेकंदांत. तुमच्या बोटाची चूक दोन्हीकडे तीच, एका सेकंदाचे तीन शतांश. पहिल्या बॉलवर ती चूक 2 टक्के होते, दुसऱ्यावर दीड टक्का. आता 170 यार्डांचं आयर्न हातात आहे. 2 टक्के म्हणजे 3.4 यार्ड, दीड टक्का म्हणजे साधारण अडीच. फुटांत सांगायचं तर 10 फुटांचा पट (ग्रीनवरून होलमध्ये घालायचा हलका फटका) आणि साडेसात फुटांचा पट. पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा 8 फुटांवरून जेमतेम निम्मे पट घालतात. तिथे दोन-अडीच फूट फार मोठे असतात. वरची सेकंदं मी हिशोबासाठी धरली आहेत, पण गुणोत्तर तसंच राहतं.

याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. मीटरवरची चूक ही आयर्नच्या पूर्ण अंतराची टक्केवारी असते. 170 यार्डांच्या आयर्नने 120 यार्ड मारायला गेलात, तरी मीटरचा एक टक्का 1.7 यार्डांचाच राहतो. 125 यार्डांच्या वेजने मारलं तर सव्वा यार्डाचा. म्हणून जिथे पोचतं तिथे सगळ्यात आखूड आयर्न घ्यायचं. आणि म्हणूनच नव्या सेटचं प्रत्येक आयर्न दहा यार्ड लांब जातं ही नुसती जमेची बाजू नाही. त्यासोबत तुमच्या प्रत्येक चुकीची लांबीही वाढते.

खरेदीआधी अंतरांची उतरंड मांडा

कागदावर तुमच्या सगळ्या आयर्न आणि वेजची पूर्ण अंतरं उतरत्या क्रमाने लिहा. शेजारी नव्या सेटची लिहा. दोन आकड्यांमधली दरी बघा. दहा-बारा यार्डांची समान दरी असेल तर उत्तम.

गफलत बहुतेक वेळा पिचिंग वेजच्या खाली होते. पिचिंग वेजखालचे वेज सेटबाहेर वेगळे घ्यावे लागतात. नव्या सेटचं पिचिंग वेज समजा 135 यार्ड गेलं आणि तुमचं पुढचं वेज 100 वरच राहिलं, तर मध्ये 35 यार्डांची पोकळी. तिथला प्रत्येक फटका अर्ध्यामुर्ध्या मीटरवर मारावा लागतो, आणि अशी अंतरं फेरीत सारखी वाट्याला येतात. मग सेटपाठोपाठ वेजही बदलावा लागतो. तो खर्च आधीच धरा. परवडत नसेल तर सेट थांबवा आणि त्या क्रेडिट्समध्ये बॉल घ्या. बहुतेक खेळाडूंना त्याने जास्त फायदा होतो.

चाचणी कशी घ्यायची

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला तर पुढचं सगळं वाया. आयर्न आणि बॉल दोन्ही नवे घेऊन मैदानात उतरलात तर सुधारणा कोणामुळे झाली ते कधीच कळणार नाही.

सरावाच्या फेरीत एखादं पार तीनचं, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं, होल निवडा. टी (पहिला फटका मारायची जागा) आणि ग्रीनमध्ये चढउतार फार नसावा, ग्रीनचा पुढचा भाग सपाट असावा. प्रत्येक फटक्याआधी वाऱ्याचा वेग आणि दिशा लिहा. वारा ताशी पाच मैलांच्या वर असेल तर तो फटका हिशोबात धरू नका. मीटर पूर्ण भरा, शंभर टक्के. अर्धवट ताकदीवर चाचणी घेतली तर आयर्नऐवजी तुमचं बोट मोजलं जातं.

दोन आयर्न आणि दोन बॉल असतील तर जोड्या चार. प्रत्येकीचे दहा फटके. ते सलग मारू नका. पहिल्या जोडीचे पाच, दुसरीचे दहा, मग पुन्हा पहिलीचे पाच, असं मारा. नाहीतर हात बसल्याचा फायदा नंतरच्या जोडीला मिळतो आणि ती उगाच चांगली वाटते. चार जोड्या दोन संध्याकाळी वाटून घेतल्या तरी चालेल, पण एका संध्याकाळी तुलना पूर्ण दोन जोड्यांची व्हायला हवी.

प्रत्येक फटक्याला चार गोष्टी टिपा. बॉल पहिल्यांदा कुठे टेकला, शेवटी कुठे थांबला, रेषेपासून किती बाजूला गेला, आणि डिंग बसली की नाही. थांबलेली जागा सोपी आहे. पिनपर्यंत, म्हणजे होलमधल्या झेंड्यापर्यंत, उरलेलं अंतर पडद्यावर दिसतंच. टेकलेली जागा डोळ्यांनी धरावी लागते, त्यासाठी ग्रीनवरची एखादी खूण आधीच ठरवून ठेवा. बंकरचा (वाळूच्या खड्ड्याचा) काठ किंवा ग्रीनची कड चालते.

डिंग बसलेले आणि चुकलेले फटके वेगळ्या रकान्यांत ठेवा. पहिला रकाना जोडीची अचूकता सांगतो, दुसरा तिची माफी. दोन्ही एकत्र केलेत तर दोन्ही माहिती गेली.

सरासरी काढू नका. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला बघा (आकडे सम असतील तर मधल्या दोघांच्या मधोमधचा). एखादा फटका फार भरकटला तर सरासरी ओढली जाते, मधला आकडा जागचा हलत नाही. त्यानंतर सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब फटक्यातलं अंतर काढा. मला विचाराल तर हा पसारा मधल्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. जोडी दहा यार्ड आखूड जात असेल तर एक नंबर लहान, म्हणजे जास्त लांब जाणारं, आयर्न घेता येतं. पसरणाऱ्या जोडीला मात्र कुठलाही उपाय नाही.

हीच चाचणी एकदा बॅकस्पिनवर करा, म्हणजे फटक्याआधी बॉलवरची खूण पूर्ण खाली ओढून. काही जोड्यांत टेकल्यावरची धाव झटकन कमी होते, काहींत नावापुरती. हा फरक कार्डावरून कळत नाही.

एकच फटका, दोन जोड्या

आता हे आकडे वापरायचे कसे ते बघू. पिन 146 यार्डांवर आहे. ग्रीन 9 फूट उंचीवर. समोरून 8 मैलांचा वारा. पिनच्या पुढ्यात बंकर, त्याची मागची कड 142 यार्डांवर.

उंचीचे तीन फूट म्हणजे एक यार्ड. नऊ फुटांचे तीन यार्ड वाढले, झाले 149. समोरच्या वाऱ्याला दर मैलाला एक टक्का, हा खऱ्या गोल्फमधला जुना ठोकताळा. 8 टक्के म्हणजे 12 यार्ड. एकूण 161. मागून वारा असता तर दर मैलाला अर्धाच टक्का वजा केला असता. समोरचा वारा जितकं नुकसान करतो तितका फायदा मागचा देत नाही. हे ठोकताळे तुमच्या नोंदींवर ताडून बघा आणि पुढे स्वतःचेच वापरा.

समजा जोडी एकचं आयर्न पूर्ण मीटरला 172 यार्ड हवेतून जातं आणि टेकल्यावर बॉल 6 यार्ड धावतो. जोडी दोनचं 165 जातं आणि 1 यार्ड धावतो. कार्डावर जोडी एक उजवी दिसेल.

जोडी दोनने बॉल पिनच्या 1 यार्ड आधी, म्हणजे जमिनीवरच्या 145 यार्डांवर टेकवायचा. बंकर 142 वर संपतो, तीन यार्ड हाताशी आहेत. हिशोबाचे 160 यार्ड भागिले 165, मीटर 97 टक्क्यांवर. सरळ फटका.

जोडी एकने 6 यार्ड आधी टेकवायचा तर जागा येते 140. तिथे वाळू आहे. म्हणजे तो मार्गच बंद. बॅकस्पिन लावून धाव 3 यार्डांवर आणली तर टेकवायची जागा 143, बंकरपासून फक्त एक यार्ड. मीटर सुमारे 92 टक्के, आणि मीटरचा एक टक्का इथे 1.7 यार्ड. एका टक्क्याच्या चुकीला बॉल वाळूत. राहिला शेवटचा मार्ग, पिनच्या पुढे टाकून मागून परतीचा पट मारायचा.

सात यार्ड जास्त लांब जाणारं आयर्न या फटक्याला उपयोगाचं नाही, ते असं. समोरच्या वाऱ्यात बॉल उंचावरून सरळ खाली येतो, धाव थोडी कमी होते हे खरं. पण तेवढ्या भरवशावर बंकरच्या काठाशी खेळ करू नका.

कोर्स बघून जोडी

पेबल बीचचं सातवं होल 106 यार्डांच्या आसपासचं, उताराचं, समुद्राच्या तोंडावर. तिथली ग्रीन्स लहान आहेत. अशा जागी स्पिनचा बॉल आणि आखूड वेज हवा, अंतराला काही किंमत नाही. वारा अंगावर आला की हेच होल एकदम दोन नंबर लांब होतं, तेव्हा उतरंड समान असल्याचा उपयोग कळतो.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर उलट. जमीन टणक, सात ग्रीन्स जोडग्रीन्स म्हणजे दोन-दोन होलची सामाईक, अवाढव्य, आणि पुढचा भाग बऱ्याच ठिकाणी मोकळा. बॉल आधी टेकवून धावत नेण्याची ती जागा. तिथे कमी स्पिनची जोडीही चालते, कधी कधी जास्त चांगली चालते, कारण धाव सारखी राहिली तर तिच्यावर हिशोब बांधता येतो. मात्र 112 बंकर आहेत. धावणारा बॉल त्यांच्याकडेच जातो. रेषा पाळणारं आयर्न असेल तरच हा मार्ग धरा.

रफमध्ये, म्हणजे बाजूच्या लांब गवतात, गेल्यावर स्पिनच्या जोडीचा फायदा बराचसा संपतो. खऱ्या गोल्फमध्ये कारण स्पष्ट आहे, आयर्नच्या खाचा आणि बॉल यांच्यात गवत येतं. ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारणाऱ्या काठीचा) फटका सतत रफमध्ये जात असेल तर महागडा स्पिनचा बॉल घेण्याआधी ड्रायव्हर सुधारा.

बॉलचा खर्च

आयर्न एकदा घेतलं की झालं, बॉल संपतात. झिजून संपतात आणि पाण्यात गेला तर त्या क्षणी गेला. म्हणून किंमत पुडक्याची बघू नका, होलची बघा. पुडक्यातले बॉल गुणिले एक बॉल टिकणारी होलं, आणि त्या गुणाकाराने पुडक्याच्या क्रेडिट्सना भागा. पाण्यात गेलेले बॉलही वजा करा. असा हिशोब केला की स्वस्त पण लवकर झिजणारा बॉल पुष्कळदा महाग ठरतो.

पैसे वाचवायला फुकट मिळणाऱ्या बॉलवर सराव करायचा आणि स्पर्धेत संथ मीटरचा काढायचा, असं बरेच जण करतात. हे टाळा. फुकटच्या बॉलचं मीटर वेगळं धावतं. सरावात बोटाला जी लय लागते ती स्पर्धेत चुकीची ठरते आणि पहिली चार-पाच होलं ती सुधारण्यात जातात. परवडेल असा एकच बॉल निवडा आणि सराव-स्पर्धा दोन्हीकडे तोच ठेवा. सगळ्यात महाग बॉल सहा दिवस वापरून महिनाभर फुकटच्यावर येण्यापेक्षा मधल्या किमतीचा बॉल बारमाही वापरणं कितीतरी बरं. फुकटचा बॉल फक्त नवं होल समजून घ्यायला, पाण्यापलीकडे काय आहे ते बघायला वापरा.

चाचणी ज्या यंत्रावर घेतली त्याच यंत्रावर खेळा. जुन्या फोनवर किंवा दहा खिडक्या उघड्या असलेल्या लॅपटॉपवर मीटर अडखळत धावतं, आणि मग संथ मीटरच्या बॉलचाही उपयोग होत नाही. बॉल बदलण्याआधी मागे चालू असलेल्या गोष्टी बंद करून बघा. त्याला क्रेडिट लागत नाही.

वरच्या टिअरमध्ये (खेळाडूंच्या पातळीत) गेलात की नोंदवही नव्याने सुरू करा. टी मागे सरकतात, ग्रीन्स वेगवान होतात. तिथे तुमच्या जोडीची 1 यार्डाची धाव 3 वर जाते आणि काल जिथे सात नंबर पुरत होतं तिथे आज पाच नंबर काढावं लागतं. सगळ्या जोड्या परत तपासायची गरज नाही. आहे ती जोडी घ्या, पाच आणि आठ नंबरचे दहा-दहा फटके मारा, धाव आणि पसारा जुन्या रकान्याशेजारी लिहा. पाच नंबरचा बॉल ग्रीनवर थांबत असेल तर खरेदी पुढे ढकला. थांबत नसेल तर आधी जास्त स्पिनचा बॉल घेऊन तेच दहा फटके मारा, आणि त्यानेही भागलं नाही तरच आयर्नच्या दुकानात जा.